डीएनएचा अतिपीळ

डीएनएचा अतिपीळ म्हणजे मुळातच पीळ असलेल्या डीएनए रेणूच्या अक्षाला पुन्हा पडलेले वेटोळे होय. इंग्रजीतील सुपरकॉइलिंग या संज्ञेसाठी येथे हा शब्द वापरला आहे. डीएनएचे दोन धागे एकमेकांभोवती किती वेळा गुंफलेले आहेत, त्या गुंफणीमुळे रेणूला कोणता आकार येतो आणि ती गुंफण कशी बदलते, याचा अभ्यास करणाऱ्या शाखेस डीएनएचे संस्थितिविज्ञान म्हणतात. संस्थितिविज्ञान ही मूळची गणिताची शाखा आहे. वस्तू ताणली, वाकवली किंवा दाबली तरी, जोपर्यंत ती तोडली वा जोडली जात नाही तोपर्यंत, तिचे जे गुणधर्म कायम राहतात त्यांचा विचार या शाखेत होतो.

हा विषय केवळ गणिती कुतूहलाचा नाही. पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएची गुंफण वेळेवर सुटली नाही, तर पेशी मरते. ही गुंफण सोडवणाऱ्या विकरांवर, म्हणजेच एन्झाइमांवर, क्षयरोगावरील काही औषधे आणि कर्करोगावरील अनेक औषधे आघात करतात. त्यांपैकी कॅम्प्टोथेसिन या द्रव्याच्या इतिहासाशी नंदुरबार येथे जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांचा आणि सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्या या वृक्षाचा निकटचा संबंध आहे.

मूलभूत कल्पना

डीएनएचा रेणू दोन धाग्यांचा बनलेला असून ते एकमेकांभोवती उजव्या हाताच्या मळसूत्राप्रमाणे वळलेले असतात. या रचनेस द्विसर्पिल म्हणतात. सर्वसाधारण स्थितीत सुमारे १०.५ क्षारक-जोड्यांमागे एक फेरा पूर्ण होतो. मानवी पेशीच्या केंद्रकात सुमारे ६०० कोटी क्षारक-जोड्या असतात. त्या सर्व सलग मांडल्या तर त्यांची लांबी सुमारे २ मीटर भरेल. केंद्रकाचा व्यास मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो.

पिळाचे वर्तन दोरीच्या साहाय्याने सहज समजते. दोन पदरी सुंभाची दोन्ही टोके मोकळी असतील, तर त्याचा पीळ टोकाकडून उलगडता येतो. तीच टोके एकमेकांना जोडून कडे केले, तर सुंभ कितीही हलवला तरी पदरांची परस्परांतील गुंफण बदलत नाही. ती बदलायची असेल, तर पदर कापावाच लागतो. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण मराठीत हेकट स्वभावाला उद्देशून वापरतात. वर्तुळाकार डीएनएच्या बाबतीत मात्र तिचा पूर्वार्ध लागू पडत नाही आणि उत्तरार्ध शब्दशः खरा ठरतो. धागा अखंड आहे तोवर पीळ जात नाही आणि धागा तुटताच तो जाऊ शकतो.

उघडी साखळी व बंद कडे यांतील फरक पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी परिसरातल्या तारपा नृत्यातही दिसतो. वारली चित्रांतून सर्वपरिचित झालेल्या या नृत्यात तारपा वाजवणारा मध्यभागी असतो आणि नर्तकांची साखळी त्याच्याभोवती फिरते. साखळीचे एक टोक मोकळे असल्याने वादक त्या वाटेने बाहेर येऊ शकतो. पहिल्या व शेवटच्या नर्तकाने हात धरून फेर बंद केला, तर मात्र कोणीतरी हात सोडून त्याला वाट दिल्याशिवाय आणि पुन्हा हात धरल्याशिवाय तो बाहेर पडणार नाही. हात सोडणे, वाट देणे आणि पुन्हा हात धरणे हीच कृती पेशीतील टोपोआयसोमरेज ही विकरे डीएनएवर करतात.

माणसाची गुणसूत्रे वर्तुळाकार नसून लांबट असतात. तरीही हा नियम त्यांना लागू होतो. त्यांतील डीएनए ठिकठिकाणी प्रथिनांना घट्ट बांधलेला असल्यामुळे त्याचे मोठमोठे फास तयार होतात. अशा फासाची टोके मोकळेपणाने फिरू शकत नाहीत आणि म्हणून तो बंद कड्याप्रमाणेच वागतो.

गुंफण संख्या, पीळ आणि वेटोळी

बंद डीएनएचे वर्णन तीन राशींनी करतात. एक धागा दुसऱ्यास एकूण किती वेळा वेढतो, ती गुंफण संख्या होय. धागे अखंड असेपर्यंत ही संख्या बदलत नाही आणि ती नेहमी पूर्णांकच असते. दोन्ही धागे रेणूच्या अक्षाभोवती किती वळले आहेत, ते पीळ या राशीने दर्शवतात. हा अक्ष स्वतः अवकाशात स्वतःवरूनच किती वेळा वळसा घेतो, ते वेटोळी ही राशी दर्शवते. पीळ व वेटोळी यांची मूल्ये अपूर्णांकी असू शकतात. या तिन्हींमधील संबंध पुढीलप्रमाणे आहे :

गुंफण संख्या = पीळ + वेटोळी

डावी बाजू स्थिर असल्यामुळे उजव्या बाजूची एक राशी घटली की दुसरी तेवढीच वाढते. दोरी प्रमाणाबाहेर पिळली की ती आपोआप स्वतःभोवती वेटोळी घालते, त्यामागे हेच कारण आहे. या समीकरणाचा गणिती पाया रुमानियन गणितज्ञ गेओर्गे कालुगारेआनू यांनी १९५९ ते १९६१ या काळात घातला. जेम्स व्हाइट यांनी १९६९ मध्ये त्याला व्यापक रूप दिले आणि ब्रॉक फुलर यांनी १९७१ मध्ये ते डीएनएच्या संदर्भात मांडले. म्हणून त्यास कालुगारेआनू–व्हाइट–फुलर प्रमेय असे नाव आहे.

उदाहरणार्थ, ५,२५० क्षारक-जोड्यांच्या वर्तुळाकार डीएनएवर कोणताही ताण नसेल, तर त्याची गुंफण संख्या ५,२५० भागिले १०.५, म्हणजे ५०० असते. त्यातील ३० फेरे उलगडून धागे पुन्हा जोडले, तर ती ४७० होते. ३० फेऱ्यांची ही उणीव मूळ ५०० च्या प्रमाणात उणे ०.०६ भरते. या गुणोत्तरास अतिपीळ घनता म्हणतात. जीवाणूंपासून वेगळ्या केलेल्या डीएनएमध्ये तिचे मूल्य साधारणतः एवढेच आढळते.

ऋण व धन अतिपीळ

गुंफण संख्या ताणरहित स्थितीपेक्षा कमी असेल तर ऋण अतिपीळ आणि जास्त असेल तर धन अतिपीळ निर्माण होतो. बहुसंख्य सजीवांच्या डीएनएमध्ये ऋण अतिपीळ असतो. तो साठवून ठेवलेल्या ऊर्जेसारखा उपयोगी पडतो. फेरे आधीच कमी असल्याने दोन धागे विलग करणे सोपे जाते आणि जनुकाचे वाचन किंवा डीएनएचे द्विगुणन सुरू होण्यासाठी हे धागे विलग होणे आवश्यक असते.

अतिशय उष्ण पाण्यात जगणाऱ्या काही सूक्ष्मजीवांत रिव्हर्स जायरेज नावाचे विकर असते. ते उलट दिशेने कार्य करून धन अतिपीळ निर्माण करते. उष्णतेमुळे धागे विलग होऊ नयेत, यासाठी त्याचा उपयोग होत असावा असे मानले जाते.

प्राणी व वनस्पती यांच्या पेशींत डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. प्रत्येक रिळावर सुमारे १४७ क्षारक-जोड्यांचा तुकडा डाव्या बाजूने पावणेदोन फेऱ्यांच्या आसपास गुंडाळला जातो. डाव्या बाजूची ही गुंडाळी ऋण अतिपिळाचाच एक प्रकार आहे. लांबलचक डीएनए केंद्रकात मावण्यास तिची मदत होते.

शोधाचा इतिहास

जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ मध्ये द्विसर्पिलाची रचना मांडली. दोन धागे एकमेकांभोवती वळलेले असतील, तर द्विगुणनाच्या वेळी ते न गुंतता वेगळे कसे होतात, हा प्रश्न त्यांनी स्वतःच त्या वर्षीच्या लेखनात उपस्थित केला होता. मॅक्स डेलब्रुक यांनी १९५४ मध्ये या अडचणीची सविस्तर चर्चा केली आणि धागे मधूनमधून तुटून पुन्हा जोडले जात असावेत, असे सुचवले.

अडचणीचे प्रमाण आकड्यांतून स्पष्ट होते. मानवी आतड्यात आढळणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूच्या वर्तुळाकार डीएनएमध्ये सुमारे ४६ लाख क्षारक-जोड्या, म्हणजे सुमारे ४ लाख ४० हजार फेरे असतात. द्विगुणन दोन ठिकाणांहून विरुद्ध दिशांना पुढे सरकते आणि प्रत्येक ठिकाणी दर सेकंदास सुमारे १,००० क्षारक-जोड्या विलग होतात. म्हणजेच दर सेकंदास नव्वदहून अधिक फेरे सोडवावे लागतात. ते न सोडवल्यास पुढच्या भागात धन अतिपीळ साचत जातो आणि द्विगुणन थांबते.

अतिपिळाचा प्रत्यक्ष शोध १९६५ मध्ये जेरोम विनोग्राड व त्यांच्या सहकाऱ्यांना लागला. पॉलिओमा या विषाणूचा वर्तुळाकार डीएनए अपकेंद्री यंत्रात फिरवला असता त्याचे वेगवेगळ्या गतीने खाली बसणारे प्रकार आढळले. त्यांपैकी अधिक वेगाने बसणाऱ्या एका प्रकारात रेणू स्वतःभोवती वेटोळी घालून आटोपशीर झालेला होता. त्याचा एक धागा एका जागी तोडताच वेटोळी सुटली आणि रेणू सैल वर्तुळ बनला.

द्विसर्पिलाविषयीचा वाद

१९७६ मध्ये द्विसर्पिलाच्या रचनेलाच आव्हान दिले गेले. न्यूझीलंडमधील जी. ए. रॉडली व त्यांचे सहकारी, तसेच बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील व्ही. शशिशेखरन व त्यांचे सहकारी यांनी स्वतंत्रपणे पर्यायी प्रतिमाने मांडली. शशिशेखरन हे प्रथिनरचनेच्या प्रसिद्ध रामचंद्रन आलेखाच्या १९६३ मधील मांडणीत सहभागी होते. पर्यायी प्रतिमानात दोन धागे शेजारी-शेजारी असून काही अंतर उजवीकडे, तर काही अंतर डावीकडे वळतात. असे असेल तर एकूण गुंफण जवळजवळ शून्य राहते आणि धागे वेगळे करण्याची अडचणच उरत नाही.

या वादाचा निकाल लागण्यास संस्थितिविज्ञानाची मोठी मदत झाली. गुंफण संख्येत केवळ एकाचा फरक असलेले डीएनए रेणू जेल इलेक्ट्रोफोरेसिस या पद्धतीने वेगळे करता येतात. जेलवर त्यांचे पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात. जेम्स वांग यांनी वर्तुळाकार डीएनएमध्ये ज्ञात लांबीचे तुकडे जोडले आणि हे पट्टे किती सरकतात ते मोजले. वाढलेला तुकडा पूर्ण फेऱ्यांच्या पटीत असेल तर पट्टे पूर्वीच्याच जागी येतात आणि तसा नसेल तर मधल्या जागी येतात. या मोजमापावरून द्रावणातील डीएनएचा एक फेरा सुमारे १०.४ क्षारक-जोड्यांचा असल्याचे १९७९ मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी क्रिक, वांग व विल्यम बाउअर यांनी उपलब्ध पुराव्याचा आढावा घेऊन डीएनए द्विसर्पिलच आहे, असा निष्कर्ष काढला. पर्यायी प्रतिमान टिकले नाही, परंतु गृहीत धरलेली गोष्ट मोजून दाखवण्याची निकड त्यामुळे निर्माण झाली.

टोपोआयसोमरेज

डीएनएची गुंफण संख्या बदलणाऱ्या विकरांना टोपोआयसोमरेज म्हणतात. वांग यांनी १९७१ मध्ये ई. कोलायमधून असे पहिले विकर शोधले. १९७२ मध्ये जेम्स शँपू व रेनातो दुल्बेको यांना उंदराच्या पेशींत त्याच प्रकारचे कार्य आढळले. मार्टिन गेलर्ट व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये डीएनए जायरेजचा शोध लावला. या विकरांचे दोन प्रमुख वर्ग आहेत.

पहिल्या वर्गातील विकर डीएनएचा एकच धागा तोडते, फेरा सुटू देते आणि धागा पुन्हा जोडते. ई. कोलायमधील या वर्गाचे विकर एका वेळी गुंफण संख्या एकाने बदलते.

दुसऱ्या वर्गातील विकर दोन्ही धागे एकाच ठिकाणी तोडते, त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग पलीकडे नेते आणि फट बुजवते. यामुळे गुंफण संख्या दोनाने बदलते. या कार्यासाठी एटीपी या रेणूतील ऊर्जा खर्च होते. द्विगुणनानंतर साखळीच्या कड्यांप्रमाणे एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळे वेगळी करणे आणि डीएनएला पडलेल्या गाठी सोडवणे या वर्गातील विकरांनाच शक्य असते.

डीएनए जायरेज हे दुसऱ्या वर्गातील विकर असून ते जीवाणूंत डीएनएला ऋण अतिपीळ देते. ते मानवी पेशींच्या केंद्रकात नसते.

डीएनए तोडताना विकर स्वतः तुटलेल्या टोकाशी रासायनिक बंधाने जोडलेले राहते. त्यामुळे टोक मोकळे सुटत नाही आणि काम होताच ते पुन्हा जोडले जाते. मात्र नेमक्या याच क्षणी एखाद्या द्रव्याने विकराला अडवून धरले, तर तुटलेला डीएनए जोडलाच जात नाही. पेशीला जिवंत ठेवणारे विकरच मग तिच्या नाशाला कारणीभूत होते. पुढील दोन्ही औषधगटांचे कार्य या तत्त्वावर चालते.

जायरेज आणि क्षयरोग

नॅलिडिक्सिक आम्ल हे जायरेजवर आघात करणारे प्रतिजैविक १९६२ मध्ये प्रसिद्धीस आले. क्लोरोक्विन या हिवतापावरील औषधाच्या निर्मितीत मिळालेल्या उपपदार्थावरून त्याचा माग लागला होता. त्याच कुळातील फ्लुओरोक्विनोलोन गटात सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन व मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही औषधे येतात.

अनेक जीवाणूंत दुसऱ्या वर्गाची दोन विकरे असतात. क्षयरोगाच्या जीवाणूत मात्र जायरेज हे एकच असते आणि त्यावर अतिपीळ देणे व अडकलेली वर्तुळे सोडवणे ही दोन्ही कामे येऊन पडतात. औषधाच्या दृष्टीने हे त्याचे मर्मस्थान आहे. भारतात या विकरावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत व्ही. नागराज व त्यांच्या सहकाऱ्यांनी विस्तृत संशोधन केले आहे.

राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात नेहमीची औषधे लागू न पडणाऱ्या रुग्णांसाठी लेव्होफ्लॉक्सॅसिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सॅसिनचा वापर केला जातो. जायरेजच्या जनुकात एका ठिकाणी बदल झाला, तरी ही औषधे निकामी होऊ शकतात. विकराच्या ए-उपघटकातील ९४ व्या स्थानी होणारा अमिनो आम्लाचा बदल हे त्याचे नेहमी आढळणारे उदाहरण आहे. म्हणून रुग्णाच्या नमुन्यातील जीवाणूच्या जायरेज जनुकांची तपासणी करून औषध ठरवतात.

डहाणू व तलासरी यांसारख्या आदिवासीबहुल तालुक्यांतील अनेक कुटुंबे कामासाठी हंगामी स्थलांतर करतात. अशा कुटुंबातील रुग्णाचे उपचार मध्येच खंडित होण्याचा धोका अधिक असतो आणि अपुऱ्या उपचारांतून औषधांना न जुमानणारे जीवाणू वाढीस लागतात. साध्या खोकल्यासाठी, निदान न करता फ्लुओरोक्विनोलोन औषधे दिल्यास क्षयरोगाची लक्षणे काही काळ दबतात, निदान लांबते आणि पुढे याच औषधांचा उपयोग उरत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत क्षयरोगाची तपासणी व औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात.

कॅम्प्टोथेसिन आणि नरक्या

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण घेतल्यावर त्यांनी १९६२ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्यानंतर ते नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट या संस्थेत रुजू झाले. तेथे मन्रो वॉल व वाणी यांनी सहकाऱ्यांसह कॅम्प्टोथेका या चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले आणि १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. टॅक्सॉल या कर्करोगावरील औषधाच्या शोधातही या दोघांचा प्रमुख वाटा होता. वाणी यांचे २०२० मध्ये निधन झाले.

मुंबईतील गोरेगाव येथील सीबा संशोधन केंद्रात काम करणारे टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये हेच द्रव्य नरक्या या वृक्षात असल्याचे दाखवले. नरक्या हा सह्याद्रीच्या जंगलात वाढणारा लहान वृक्ष असून त्यास अमृता असेही म्हणतात. त्याच्या फुलांना दुर्गंधी येते. तेव्हा प्रचलित असलेल्या मॅपिया फोएटिडा या शास्त्रीय नावातील फोएटिडा या लॅटिन शब्दाचा अर्थही दुर्गंधीयुक्त असाच आहे. आता नोथापोडायटिस निम्मोनियाना हे नाव वापरतात.

कॅम्प्टोथेसिनच्या विद्राव्य क्षारावरील आरंभीच्या रुग्णचाचण्या तीव्र दुष्परिणामांमुळे १९७० च्या दशकात थांबवाव्या लागल्या. ते पेशीत नेमके कशावर आघात करते, हे तेव्हा माहीत नव्हते. १९८५ मध्ये पहिल्या वर्गातील मानवी टोपोआयसोमरेज हे त्याचे लक्ष्य असल्याचे उघड झाले आणि संशोधनास नवी दिशा मिळाली. कॅम्प्टोथेसिन विकराला तुटलेल्या धाग्यावरच जखडून ठेवते. द्विगुणनाची यंत्रणा तेथे येऊन धडकली की दुसरा धागाही तुटतो आणि पेशी मरते. वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींना याचा फटका अधिक बसतो. कर्करोगाच्या पेशी त्यामुळे मरतात, परंतु आतड्याचे अस्तर व अस्थिमज्जा यांतील निरोगी पेशींचीही हानी होते. अतिसार व पांढऱ्या रक्तपेशींची घट हे दुष्परिणाम त्यातूनच उद्भवतात.

कॅम्प्टोथेसिनपासून तयार केलेल्या टोपोटेकान व आयरिनोटेकान या औषधांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. टोपोटेकान अंडाशयाच्या व फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगावर, तर आयरिनोटेकान मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरतात. अलीकडे याच कुळातील द्रव्य प्रतिपिंडाला जोडून ते थेट कर्कपेशीपर्यंत पोहोचवणारी औषधेही उपलब्ध झाली आहेत.

मागणी वाढल्यामुळे सह्याद्रीतील नरक्याची मोठ्या प्रमाणावर तोड झाली. सिंधुदुर्ग व कोल्हापूर या जिल्ह्यांत अवैध तोडीची व वाहतुकीची प्रकरणे उघडकीस आली आहेत. खोडाबरोबर मुळेही काढली गेल्यास झाड पुन्हा फुटत नाही. त्यामुळे रोपांची लागवड, ऊतिसंवर्धन आणि वनस्पतीच्या आत राहणाऱ्या बुरशींपासून कॅम्प्टोथेसिन मिळवणे या पर्यायांवर भारतात संशोधन झाले आहे. गावाजवळच्या जंगलातील हे झाड ओळखणे आणि ते मुळासकट न उपटता टिकवणे, हा त्याच्या संवर्धनाचा मुख्य भाग आहे.